पोहणारा जावई

माझ्या सासूबाई माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या तेव्हा आम्ही दोघंही मेहरूण तलावाच्या मधोमध होतो.

लग्नाला तोवर आठ महिने झाले होते. पण सासूबाईंचं, म्हणजे अक्कांचं वळण जुनं. जावई समोर आला की पदर कपाळाच्या खाली आणायचा आणि भिंतीकडे तोंड करायचं. मला काही विचारायचं असेल तर त्या माझ्या बायकोला विचारत. "शैला, जवाईबुवाले अजून पोळी पाह्यजे का विचार." मी दोनच हात अंतरावर बसलेलो असे. मग मीही शैलाकडे बघून म्हणे, "नको म्हणावं." असा आमचा संवाद, मध्ये टेलिफोन एक्स्चेंज लावून.

तलावाची भानगड सुरू झाली ती माझ्या लग्नाच्या परिचयपत्रातून. मी धुळ्याचा, नोकरीला जळगावच्या एका कचेरीत. परिचयपत्र काकांनी लिहिलं. शिक्षण, पगार, उंची लिहून झाल्यावर कागद बराच रिकामा राहिला. काकांना रिकामा कागद बघवत नाही. त्यांनी खाली लिहिलं, 'छंद : वाचन, प्रवास, पोहणे.' वाचन म्हणजे कचेरीतला पेपर. प्रवास म्हणजे दर शनिवारी जळगाव-धुळे एसटी. राहता राहिलं पोहणं. आमच्या पांझरेत वर्षातले आठ महिने पोहायचं तर आधी खड्डा खणावा लागतो, आणि उरलेल्या चार महिन्यांत आई नदीवर जाऊ द्यायची नाही. गुडघ्याच्या वर पाणी मी फक्त बादलीत पाहिलेलं.

सासरे, म्हणजे आबा, असोद्याचे केळीवाले. त्यांनी परिचयपत्रातलं बाकी काही लक्षात ठेवलं नाही, पोहणं तेवढं ठेवलं. सगळ्या असोद्यात सांगितलं, "आपला जवाई पट्टीचा पोहणारा हाये." पहिल्या दिवाळीला सासुरवाडीला गेलो तर ते मला थेट मळ्यातल्या विहिरीवर घेऊन गेले. मी त्यांना सर्दी झाल्याचं सांगितलं. नंतर दोनदा गेलो, दोन्ही वेळा सर्दी. अक्कांनी शैलाला विचारलं म्हणे, "जवाईबुवाची तब्येत नाजूक हाये का?"

आणि मग जानेवारीतल्या एका शनिवारी निरोप आला. उद्या मेहरूण तलावावर भरीत पार्टी. आबा, अक्का आणि मेहुणा दिलीप असोद्याहून ट्रॅक्टर घेऊन येतील, आपण दोघांनी तलावावरच भेटायचं. निरोपाचं शेवटचं वाक्य असं होतं : जवाईबुवांनी पोहण्याचे कपडे आणावेत.

त्या दिवशी मी शैलाला खरं काय ते सांगितलं.

"अजिबात नाही येत?"

"अजिबात."

"मग आबांना सांगून टाका ना."

"आता कसं सांगू? आठ महिने झाले."

"मग काय करणार?"

"बघू. पाणी थंड असेल. कोणी आग्रह करणार नाही."

(आग्रह या विषयात खानदेशी माणूस कुठवर जाऊ शकतो हे मला माहीत असायला हवं होतं. मी स्वतः खानदेशी आहे.)

रविवारी सकाळी आम्ही लुनावरून तलावावर पोचलो. काठच्या बोरीखाली ट्रॅक्टर उभा. कपाशीच्या काड्यांचा जाळ करून अक्का वांगी भाजत होत्या. मला पाहताच त्यांनी पदर ओढला आणि वांग्यांसकट पाठ फिरवली. शेजारी दोन-तीन कुटुंबं सहलीला आलेली. आबा त्यांच्यातच उभे होते, आणि सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. मी समजलो.

"या जवाईबुवा," आबा म्हणाले. "ह्या लोकांले मी सांगतलं. आता दाखवा."

"जेवल्यावर बघू, आबा."

"जेवल्यावर पोहू नये, असं डॉक्टर लोक सांगतात."

"मग आधी बोरं खाऊ."

बोरं खाल्ली. पोटभर खाल्ली. मेहरूणची बोरं इतक्या मन लावून कोणी खाल्ली नसतील. तेवढ्यात दिलीप ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची एक जुनी ट्यूब हवा भरून घेऊन आला. ही त्यानं स्वतःसाठी आणली होती. त्या काळ्या, गुबगुबीत ट्यूबकडे पाहून मला देव भेटल्यासारखं झालं.

"मी आधी जरा ट्यूबमध्ये बसून अंग पाण्याला सरावून घेतो," मी म्हणालो.

"अच्छा, पोहणारे असं करतात का?" दिलीपनं विचारलं.

"मोठे पोहणारे करतात."

दिलीपला ते पटलं. तो दही आणायला ट्रॅक्टर घेऊन गावात निघून गेला. सगळ्या मंडळींत पोहता येणारा माणूस म्हणजे हा एकच, असा तेव्हा माझा समज होता. आबांचं पाण्याचं ज्ञान केळीला किती द्यायचं एवढ्यापुरतं.

मी ट्यूबच्या भोकात बूड टेकवून, पाय बाहेर टाकून बसलो. बेत सोपा होता. काठाजवळ गवत धरून पंधरा मिनिटं बसायचं, दोनदा तोंडावर पाणी मारायचं आणि सर्दी झाली म्हणून बाहेर यायचं. पण गवत हातात आलं ते मुळासकट आलं. आणि मागून वारा होता.

दहा-पंधरा हात गेल्यावर मी परतायचं ठरवलं. उजव्या हातानं वल्हवलं तर ट्यूब डावीकडे फिरली. डाव्या हातानं वल्हवलं तर उजवीकडे. दोन्ही हातांनी वल्हवलं तर जागच्या जागी डुलली आणि वारा तिला घेऊन पुढे चालू लागला. काठावरच्या लोकांना हा पोहण्याचाच काहीतरी प्रकार वाटला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. आबांनीही दोन्ही हात वर करून हलवले.

मग त्या ट्यूबचा नळीसारखा व्हॉल्व्ह माझ्या बरगडीत टोचायला लागला. तो बाजूला सारावा म्हणून मी धरून जरा पिरगाळला. माझ्या हातात एक छोटी पितळी वस्तू आली, आणि पाठोपाठ 'सुस्स' असा आवाज आला.

मी त्या भोकावर अंगठा दाबला. आवाज थांबला. पितळी वस्तू तेवढ्यात पाण्यात पडली. आता माझी परिस्थिती अशी : तलावाचा मध्य, खाली किती पाणी हे माहीत नाही, उजवा अंगठा व्हॉल्व्हवर, आणि अंगठा हलला की पाच मिनिटांत मी आणि ट्यूब दोघंही सपाट. ओरडावं म्हटलं तर पोटात बोरं इतकी, की आवाज फुटेना. एका हातानं वल्हवत मी गोल गोल फिरत राहिलो. दर फेरीला काठ दिसे. काठावर आबा लोकांना सांगत होते (हे मला नंतर कळलं), "पाहा, एका हातानं चाल्लंय. दुसरा तं लावतच नाही."

शैला काठावर उभी होती. नवऱ्याची अब्रू वाचवावी की नवरा, असा प्रश्न तिच्यापुढे होता. तिनं दोन्ही बाजूंनी नीट विचार केला असावा, कारण माझ्या मोजून सहा फेऱ्या झाल्या. सातव्या फेरीला ती अक्कांच्या कानाशी वाकलेली दिसली. आठव्या फेरीला अक्का जाळाजवळ नव्हत्या.

त्या पाण्यात होत्या. पन्नाशीला आलेली बाई, नऊवारीचा कासोटा घट्ट मारलेला, पदर डोक्याला गुंडाळून गाठ मारलेला, आणि हात असे पडत होते की पाण्याचा आवाजसुद्धा होत नव्हता. मी आधी घाबरलो, मग लाजलो, मग पुन्हा घाबरलो.

अक्का जवळ आल्या. चार हातांवर थांबल्या, उभ्याउभ्याच पाणी मारत. ओल्या हातानं पदर कपाळावर ओढून घेतला, तोंड दुसरीकडे केलं, आणि म्हणाल्या,

"घाबरू नका. मी शे ना."

हेच ते पहिलं वाक्य. असोद्यात अठ्ठावीस वर्षं काढून त्यांची बोली बदलली होती, पण पाण्यात उतरताच भडगावची, माहेरची अहिराणी परत आली.

जावयाला शोभेल असं काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. मी म्हणालो, "तुम्ही कशाला त्रास घेतला?"

"त्रास कसाना? अंगठा काढू नका."

मग त्या वळसा घालून ट्यूबच्या मागे गेल्या आणि दोन्ही हातांनी ती ढकलत पाय मारू लागल्या. मी पुढे तोंड करून बसलेलो, त्या माझ्या पाठीमागे. कोणालाच कोणाचं तोंड दिसत नव्हतं. मर्यादा अगदी नीट पाळली गेली. त्यामुळेच बहुधा अक्का बोलायला लागल्या.

"पव्हता येत नही ना तुमले?"

"नाही."

"मंग लिखेल का बरं व्हतं?"

"काकांनी लिहिलं."

अक्कांनी ट्यूबला एक जोराचा रेटा दिला. मग, "आम्हीबी लिखेल व्हतं, शैलाले शिवणकाम येस."

आमच्या घरी आठ महिने शिलाई मशीन झाकणासकट कोपऱ्यात का उभं होतं, ते मला तेव्हा कळलं.

"तुम्ही एवढं छान पोहायला कुठे शिकलात?" मी विचारलं.

"गिरणामा. आम्हना भडगावले नदीच शे ना." लहानपणी पुराच्या पाण्यात त्या या काठावरून त्या काठाला जात, असं त्यांनी सांगितलं. थोरला भाऊ मागे राही आणि रडे. मग लग्न झालं. सुनेनं विहिरीत उतरायचं, तर लोक काय म्हणतील? तेव्हापासून आज पहिल्यांदा.

अठ्ठावीस वर्षं. काठ जवळ येत होता, माणसांचे चेहरे ओळखू येत होते. आणि ट्यूबचा वेग कमी झाला.

"जवाईबुवा."

"अं?"

"अंगठा दुखस का?"

अंगठा केव्हाचा बधिर झाला होता. तो माझाच आहे की आणखी कोणाचा, तेही कळत नव्हतं. पण मागून येणारा तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. बाई अठरा वर्षांची वाटत होती.

"छे," मी म्हणालो. "मुळीच नाही."

"मंग अजून एक चक्कर मारूत का?"

मारली. काठापासून दहा हातांवरून आम्ही वळलो आणि परत तलावाच्या मध्यावर गेलो. मी आयुष्यात कोणासाठी काही सोसलं असेल तर ती चक्कर.

काठाला लागलो तेव्हा आबा तोंड उघडं टाकून उभे होते. जावयाकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"तुले पोहता येतं?" त्यांनी बायकोला विचारलं. "अठ्ठावीस वर्षांत सांगतलं नाही?"

अक्कांनी पदर पुन्हा नाकापर्यंत आणला होता. पदरातून उत्तर आलं, "तुम्ही कधी इचारलं?"

आबा आणखी काही विचारणार होते. पण शेजारची कुटुंबं गोळा झाली होती, आणि त्यांच्यादेखत जावयाची फजिती होऊ देणं आबांच्या रक्तात नव्हतं. ते वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "जवाईबुवांनी शिकवलं. आताच. एका दमात."

लोक माझ्याकडे बघायला लागले. शैलानं तोंडाला पदर लावला. मी थंडीनं कुडकुडत मान हलवली. ती होकारासारखी दिसली असणार.

ही बातमी आमच्याआधी असोद्याला पोचली. जावयानं पन्नाशीच्या सासूला अर्ध्या तासात पोहायला शिकवलं. मे महिन्यात आम्ही सासुरवाडीला गेलो तर दारात अकरा पोरं उभी. प्रत्येकाच्या पाठीला बुडू नये म्हणून तेलाचा रिकामा डबा बांधलेला, आणि मागे त्यांचे बाप. "जवाईबुवा, आमच्याबी पोरांले शिकवा."

मी शैलाकडे पाहिलं. शैलानं अक्कांकडे पाहिलं. अक्का भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "शैला, जवाईबुवाले सांग, विहिरीवर मीबी येते. मदतीले."

अशी व्यवस्था लागली. मी विहिरीच्या काठावर उभा राहून करड्या आवाजात "पाय मार, मान वर" म्हणायचो आणि आत अक्का पोरांच्या पोटाखाली हात देऊन शिकवायच्या. अक्कांना कोणी काही म्हणालं नाही, कारण त्या जावयाच्या हाताखाली काम करत होत्या. पोरं निघून गेली की शेवटची अर्धी घटका विहीर त्यांच्या एकटीची असायची. तेवढा वेळ मी पाठ फिरवून, वाटेवर कोणी येत नाही ना ते बघत बसायचो.

सुट्टी संपेस्तोवर अकराच्या अकरा पोरांच्या पाठीवरचे डबे सुटले. असोद्यात माझं फार नाव झालं. बाराव्या डब्याला सुटायला मात्र पुढचे तीन उन्हाळे लागले. तो माझ्या पाठीला बसेल एवढा मोठा, आबांनी जळगावहून मुद्दाम शोधून आणला होता.