टोक नसलेली दोरी

तीर्थपुरीच्या जेठमल शेठजींच्या आडत दुकानात रविवारी सकाळी धान्य येत नाही, पोरं येतात. पुढच्या खोलीच्या उंबऱ्याशी चपलांचा ढीग पडतो आणि आतून "भाभी, मला सांगू द्या, भाभी, मी आधी हात वर केल्ता" असा गलका सुरू होतो. सहावी-सातवीची ही पोरं गणिताची कोडी सोडवायला येतात. शाळेच्या पुस्तकातली नव्हे, स्पर्धेतली. उत्तर समोर दिसतं आणि हात लावला की निसटतं, अशी.

शिकवणारी शेठजींची सून, नेहल. सगळं गाव तिला भाभी म्हणतं, म्हणून पोरंही भाभीच म्हणतात.

तिचं माहेर परतूरचं. गणित घेऊन पदवी झाली आणि लगेच स्थळ आलं. बघायच्या कार्यक्रमात पाहुण्यांनी विचारलं, "पापड येतात ना लाटता?" येतात, म्हणाली. आणि ताटातला पापड उचलून तिनं नवऱ्या मुलाला, अर्पितलाच विचारलं, "सुरीनं तीन सरळ रेघा मारल्या तर ह्याचे जास्तीत जास्त तुकडे किती पडतील?" अर्पित म्हणाला, सहा. पडतात सात. तरीही तिनं होकार दिला, हे तो आजही चारचौघांत छाती फुगवून सांगतो.

वर्गाचं खूळ तिचा मुलगा नमन सहावीत गेल्यावर सुरू झालं. आधी तो एकटा, मग त्याचे मित्र, मग मित्रांच्या बहिणी. स्वयंपाकघरात जागा पुरेना, तेव्हा नेहलनं सासऱ्यांकडे दुकानाची पुढची खोली मागून घेतली. शेठजींनी दिली, पण यंदा सोयाबीनचा हंगाम जवळ आला आणि त्यांची नजर खोलीवर परत फिरू लागली.

"बींदणी, पोरं चांगली आहेत, मान्य," एक दिवस जेवताना ते सुनेला म्हणाले. "पण बारदाना ठेवू कुठं? पोरांच्या डोक्यावर?"

"बाबूजी, अंबडची गणिताची स्पर्धा होऊ द्या."

"बरं. अंबडहून जालन्याला कुणी निवडून गेलं तर खोली तुझी. न्हाई गेलं तर दुसऱ्या दिवशी संपत हमाल पोती आणून टाकील. बराबर?"

"बराबर," नेहल म्हणाली. पण पुढची पोळी तव्यावर करपली.

स्पर्धा जोडीची होती. नमनसोबत तिनं निवडली छकुली. रायभान मेंढपाळाची ही पोरगी विचार करताना वेणीचं टोक चावायची. डोकं तेज. आकड्यांची कोडी ती चालता चालता सोडवायची. पण एका जातीचं कोडं आलं की हटकून एकानं चुकायची. साठ मीटर रस्त्याच्या कडेला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, दर पाच मीटरवर एक झाड, झाडं किती? छकुली म्हणायची, बारा. असतात तेरा. नेहलनं चित्र काढून दाखवलं, शेंगदाणे मांडून दाखवले. समोर असेपर्यंत छकुली तेरा म्हणायची, पुढच्या रविवारी पुन्हा एक झाड गायब.

उलट नमनचं. माप भरलं की आजोबा वर एक मूठ टाकतात, हे तो रांगता होता तेव्हापासून बघत आलेला. ही रीत त्यानं गणितातही नेली होती. जिथं तिथं वर एक. त्याचं उत्तर झाडांत बरोबर यायचं आणि इतर ठिकाणी चुकायचं.

छकुलीचं झाड जातं कुठं, हे बघायला नेहल एका संध्याकाळी तिच्या घरी गेली. घराच्या मागं रायभान मेंढरांची वाघर लावत होता. वाघर म्हणजे गोल ताणायची जाळी. मेखा ठोकायच्या, जाळी अडकवायची, मेंढरं आत. छकुली बापाच्या हाती मेखा देत होती.

"भाभी, तुमी इकडं कशा?" रायभान गडबडला. "पोरीनं काही केलं का?"

"काही नाही हो. ह्या मेखा किती लागतात, ते बघायला आले."

"त्यात काय बघायचं? जाळीचे भाग जेवढे, मेखा तेवढ्याच. एक जास्ती ठोकली तर ठुवू कुठं?"

नेहल खो खो हसायला लागली. पोरीचं गणित चुकतच नव्हतं. जन्मापासून तिनं गोलच बघितलेलं, आणि गोलाला टोक नसतं. रस्त्याला टोकं असतात, म्हणून तिथं एक झाड जास्त.

इथवर नेहल बरोबर होती. पण घाईत तिनं एक गोष्ट वाईट केली. "छकुली, ती वाघर डोक्यातून काढून टाक बघ," ती म्हणाली. "स्पर्धेत रस्तेच येतात, झाडंच येतात. रांग दिसली की वर एक!" आणि पुढचे रविवार तिनं पोरांकडून तेच घोकून घेतलं. दोरी तीनदा दुमडून मधोमध कापली तर? पदर आठ, तुकडे नऊ. वर एक! अख्खी खोली ओरडायची. नमनला तर उत्सवच होता.

अंबडला सगळे एसटीनं गेले. बाजारात काम आहे असं सांगून शेठजीही आले, आणि बाजाराकडे न जाता सभागृहात येऊन बसले. रायभान धुतलेला पटका बांधून शेवटच्या रांगेत.

जालन्याला दोन जोड्या जाणार होत्या. पहिली ठरली. दुसऱ्या जागेसाठी नमन-छकुली आणि अंबडचीच एक जोडी बरोबरीत आली. शेवटचं एकच कोडं. परीक्षक बाईंनी माईकवर वाचलं, "एका दोरीची दोन्ही टोकं एकमेकांना बांधून कडं केलं. ते दाबून चपटं केलं, म्हणजे दोन पदर झाले. मग दोनदा मधोमध दुमडलं, आठ पदर झाले. सगळे पदर मधून एकदम कापले. तुकडे किती?"

 उत्तर नेहलला कळलं होतं, आणि आपण पोरांकडून काय घोकून घेतलंय तेही आठवलं.

शेजारच्या जोडीनं झटकन लिहून पाटी पालथी घातली. नमननं खडू उचलला. त्यांच्या पुढचा माईक बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं सभागृहानं ऐकलं.

"नऊ. आठ पदर, वर एक. लिहू?"

"थांब ना रं."

"थांबायचं काय? मम्मीनं शिकवलंय!"

"भाभीच्या दोरीला टोकं होती," छकुली वेणी चावत म्हणाली. मग तिनं वेणीची रिबन सोडली, टोकांना गाठ मारली आणि बोटांवर ताणून धरली. "हे बघ. एकदा कापलं तर किती?"

"दोन... न्हाई, एकच! नुसतं उघडंल."

"दोनदा?"

"दोन."

"ही वाघर हाय येड्या! वाघरीला वर एक ठुवायचा कुठं?"

मागून रायभानचा आवाज आला, "बिलकुल बराबर!" लोकांनी वळून बघितलं, तो पटका सावरत खाली बसला.

नमननं काढलेला नऊ बाहीनं पुसला आणि आठ लिहिला. शेजारच्या पाटीवर नऊ होते.

बाहेर आल्यावर छकुली रिबन बांधता बांधता म्हणाली, "भाभी, तुमी वाघर काढून टाक म्हणलं ना, मी काढलीच नव्हती. रागवाल म्हणून बोलले न्हाई."

"बरं झालं माझं ऐकलं नाहीस," नेहलनं तिच्या हातातून रिबन घेऊन स्वतः फूल बांधलं. "आता कोडं आलं की आधी काय विचारायचं?"

"दोरीला टोक हाय का!" दोघं एकदम ओरडली.

परतीच्या एसटीत शेठजी बोटांवर पदर मोजत होते. दुसऱ्या दिवशी नेहल दुकानात आली तर संपत हमाल पुढच्या खोलीतून उरलीसुरली दोन पोतीही बाहेर ओढत होता. "शेठजी म्हणले, पोरांना पाय पसरायला जागा न्हाई," तो कुरकुरला. "मंग मी पाय कुठं पसरू?"

शेठजी गादीवर मांडी घालून बसले होते. पुढ्यात कात्री आणि सुतळीचं कडं, दुमडून दुमडून आठ पदर केलेलं. कचकन कापलं आणि एकेक तुकडा बाजूला ठेवत ते मोजू लागले. दुकानाच्या रीतीनं पहिल्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं.

"लाभ, दोन, तीन..." आठवर येऊन थांबले. गादी उचलून खाली बघितलं.

"बाबूजी, काय शोधताय?"

"बींदणी," चष्मा वर करत शेठजी म्हणाले, "तू आत जा. वरचा एक कुठंतरी इथंच पडला असणार."