ताईची टाकाऊ कुपी

आमची ताई एका प्रयोगशाळेत काचेचे कण निवडते. तांदळातले खडे निवडावेत तसे, पण सूक्ष्मदर्शकाखाली. धुळीहून बारीक चौकोनी कण. कोपरे नीट असलेले एका कुपीत, तिरके टाकाऊ कुपीत. सत्तावीस वर्षं हेच! मान अवघडते, पण तिच्यापुढे बोलायची सोय नाही.

गेल्या महिन्यात तिथले साहेब म्हणाले, "निवडायला यंत्र येतंय. तुमचं टेबल महिनाअखेर उचलू." घरी येऊन ताई एवढंच बोलली, "मला दुसरं काय येतं गं?" त्या साहेबांची खरडपट्टी काढायला मी चपला घातल्याच होत्या, तिनंच अडवलं.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत एक नवी संशोधक मुलगी आली. तिला प्रकाश वाकवायचा होता. कण एका बाजूनं तिरका असला, की म्हणे प्रकाश एका अंगानं लवकर सुटतो, दुसऱ्या अंगानं उशिरा, आणि पलीकडे जाऊन मासे धरायच्या गळासारखा वळतो. मुद्दाम बनवून घेतलेले कण तिनं ताईपुढे ठेवले. "काकू, यातले एकसारखे तिरके काढून द्या."

ताईनं मान डोलावली आणि सवयीनं तिरका दिसेल तो टाकाऊ कुपीत टाकला! मुलीच्या हाती आले मोजके सरळ कण. प्रकाश काठीसारखा सरळ गेला. ते कण बनवून घेण्यात तिचे आधीचे सहा महिने गेले होते, पोरगी रडकुंडीला आली.

"अगं बाई! मेला हात ऐकेचना!" ताईनं कपाळावर हात मारला. नशीब, टाकाऊ कुपी शनिवारीच रिकामी होते. ताई पुन्हा बसली. हा जरा जास्त तिरका, हा कमी, असे तासाभरात वेगळे केले. त्यातला एक लावला आणि पडद्यावर प्रकाश अलगद वळला. मुलीनं ताईला मिठीच मारली.

यंत्र आलं, पण त्याला तिरक्या-तिरक्यातला फरक कळेना, सगळेच टाकाऊ. मुलीनं साहेबांना स्पष्ट सांगितलं, "काकू नसतील तर माझं काम बंद." साहेबांना ताईचं टेबल ठेवावंच लागलं!

महिनाअखेरीस मी ताईचा डबा द्यायला गेले, तर दोन माणसं टेबल उचलायला आलेली. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. ताईनं डोळासुद्धा वर केला नाही.

"टेबल राहू दे," ती म्हणाली. "ते यंत्र जरा सरकवा, माझ्या उजेडात येतंय."