लेहच्या थंडीसाठी भूमची वाट: आमच्या व्हॅनच्या भिंतीत काय भरलं

धाकटा दीर लेहला फौजेत आहे. संक्रांतीलाही सुट्टी नाही, असा त्याचा फोन आला तेव्हा माझ्या सासूबाई, आक्का, म्हणाल्या, "त्याला येता येईना तर आपुनच जाऊ की." झोपायची सोय असलेली जुनी व्हॅन आमच्या दारात आहे, जायचं मे महिन्यात ठरलं. पण तिथं मेमध्येही रात्री गोठवणाऱ्या असतात आणि आक्कांना संधिवात. डॉक्टरांनी बजावलं, अंग गार पडू द्यायचं नाही. म्हणजे पत्र्याच्या आतून थंडी अडवणारं काहीतरी हवंच.

माझे यजमान सतीश यांचा कौल थर्माकोलला होता, माझा लोकरीला. "वाद कशाला? भूमला जाऊन बघू," ते म्हणाले. तिथं त्यांच्या मित्राची खवा साठवायची थंड खोली आहे.

सकाळी धाराशिवहून निघालो. येरमाळ्यापर्यंत रस्ता झकास, पुढं भूमकडं वळल्यावर मात्र सावकाश चालवा. मित्रानं दोन सारखी खोकी दिली. एकाला आतून थर्माकोल लावला, दुसऱ्यात धुतलेली लोकर दाबून भरली, दोन्हींत गरम पाण्याची बाटली ठेवली आणि खोकी थंड खोलीत सोडून जेवायला गेलो. भाकरी, शेंगदाण्याची आमटी, वर ताजा खवा; शंभराच्या नोटेत एकाचं पोट भरतं.

परतलो तर थर्माकोलमधली बाटली जास्त गरम होती. लोकरीतली कोमट.

"बघ!" सतीश खूश. मी हरले होते.

येताना तेरखेड्याला मावशींकडं चहाला थांबलो. या आक्कांच्या धाकट्या बहीण. उभा जन्म फटाक्यांच्या कामात गेला. सतीशनी कौतुकानं सगळं सांगितलं. मावशींनी एवढंच विचारलं, "गाडीत शेगडी पेटवणार का?"

"व्हय, चहापुरती," सतीश म्हणाले.

त्या आम्हाला वस्तीपासून लांब, मोकळ्या रानात घेऊन गेल्या. थर्माकोलच्या तुकड्याला काडी लावली. तो वितळला, पेटते थेंब टपटप मातीवर पडले, काळा धूर नाकात गेला. मग लोकर. ती आक्रसली, केस जळाल्यासारखा वास आला आणि विझली.

"आक्का गुडघे धरून उठती," मावशी म्हणाल्या. "ह्यातनं तिला भाईर कशी काढशील, सतीश?"

येरमाळा मागं पडल्यावर सतीशनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "शेगडी बाहेरच ठेवू. आणि लोकरच भरू."

घरी आल्यावर लोकर पुन्हा धुतली, कडक वाळवली, कडुनिंबाचा पाला घालून व्हॅनच्या आतल्या फळ्यांमागं भरली. ऊब थोडी कमी पडेल. एक रजई जास्त घेऊ. तुम्ही अशी गाडी करणार असाल तर ऊब जरूर मोजा, पण काडीही लावून बघा, उघड्यावर.

सतीशनी मागच्या दाराची कडी बदलली, आतून ढकललं की उघडेल अशी. काल दुपारी आक्कांनी स्वतः दार ढकललं, पायरीला धरून खाली उतरल्या. पुन्हा चढल्या, पुन्हा उतरल्या. मग अंगणातूनच त्यांनी लेहला फोन लावला.

"सुट्टी मागू नगंस आता," त्या म्हणाल्या. "मी येतेय."