एक जूनवाला सोनबा

आमच्या नाट्यगृहात सव्वीस वर्षं पडदा ओढणाऱ्या सोनबाची जन्मतारीख एक जून. दारावरच्या सर्जेरावची एक जून, दिव्यांवरच्या अय्युबची एक जून, तिकीटखिडकीतल्या मेहबूबचीही एक जून. सालही तेच, एकतीस. चौघे लोणी काळभोरच्या एकाच वर्गातले. आधी सोनबा नोकरीला चिकटला आणि मग त्याने एकेक करून बाकीच्यांना आत घेतलं.

ही तारीख त्यांच्या हेडमास्तरांची देणगी. शाळेत नाव घालताना सोनबाच्या आईने सांगितलं, पोर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालं. अय्युबच्या आईने, अमिनाबीने, ईदची आदली रात्र सांगितली. कोणती ईद, असं मास्तरांनी विचारलं, तर म्हणाली, मटण कमी पडलं होतं ती. मास्तरांनी टाक बुडवला आणि सगळ्या वर्गाला एक जून लावून टाकली. पुढे ते स्वतः वारले तेही एक जूनलाच. त्यांच्याकडे दुसरी तारीखच शिल्लक नसावी.

एकोणनव्वद साली चौघे अठ्ठावन्नचे झाले आणि एकदमच निवृत्त झाले. एक जूनला समारंभ ठरला. आमचे व्यवस्थापक श्यामसुंदर काटकसरी. त्यांनी एकाच पत्रिकेत सगळं बसवलं : चौघांचा वाढदिवस, चौघांना निरोप आणि हेडमास्तरांची पुण्यतिथी. आधी उभं राहून दोन मिनिटं शांतता, मग पेढे. सोनबाच्या बायकोने, मथुराबाईंनी, मला बाजूला घेऊन विचारलं, रडायचं ते पेढ्याच्या आधी की नंतर?

अडलं ते पडद्यापाशी. पडदेवाल्याचाच सत्कार, मग ओढणार कोण? नवा माणूस अजून फायलीतच होता. पडदा आधीपासून उघडा ठेवू, असं श्यामसुंदर म्हणाले. तेव्हा सव्वीस वर्षांत कधी तोंड न उघडलेला सोनबा बोलला.

"साहेब, मी दुसऱ्यांसाठी उघडला. एकदा माझ्यासमोर उघडू द्या. खुर्चीतनं लोक कसे दिसत्यात, ते बघायचंय. न्हाई तर मी येत न्हाई."

"आपण सत्कारमूर्ती," श्यामसुंदर म्हणाले. "खुर्चीत बसून दोरही ओढायचा, तर हात जरा लांब करून घ्यावे लागतील."

मी ओढतो, असं मी म्हणालो. मी राजा असो की हुजऱ्या, सोनबाने माझ्यासाठी पडदा सारख्याच मानाने उघडला होता. दोर मात्र मी जन्मात हातात धरला नव्हता.

तिसरी घंटा झाली. मी दोर ओढला. पडदा दोन हात सरकला आणि गच्च अडकला. फटीत दिसत होते ते फक्त फोटोतले हार घातलेले मास्तर आणि शेजारी हार घातलेला सोनबा. बाकी तिघे पडद्याआड. लोकांना वाटलं, पुण्यतिथी सुरू झाली. सगळं सभागृह मुकाट उभं राहिलं. मथुराबाईंच्या शेजारच्या बाईंनी सोनबाकडे बघून हात जोडले आणि हळूच म्हणाल्या, "चांगला माणूस होता." मथुराबाई म्हणाल्या, "बसलेत ते."

सोनबा खुर्चीतून अर्धा उठला. तो विंगेत आला असता तर पडदा उघडला असता, पण रोजच्यासारखाच, दुसऱ्यांसाठी. अय्युबने पडद्याआडून त्याचा सदरा धरला.

"बस खाली. आज तुझी ड्युटी न्हाय."

सोनबा बसला. मुठी मात्र मांडीवर चालूच होत्या. मला विंगेतून त्या दिसल्या. दोर सैल, जरा थांब, मग झटका. त्याच्या हातांकडे बघत मीही तसंच केलं. पडदा सरसर दोन्हीकडे गेला. चौघे दिसले आणि उभ्या लोकांनी एकदम टाळ्या सुरू केल्या.

सोनबाने समोर पाहिलं. सातशे माणसं उभी, टाळ्या वाजवणारी. त्याने सावकाश वाकून नमस्कार केला. आम्ही नट करायचो तसा.

माणसं कशासाठी उभी राहिली होती, ते मी त्याला कधीच सांगितलं नाही.