वस्तादांचे दोन हात

आमच्या पैलवानाच्या सत्काराला मी जात नाही. मी व्यायामशिक्षक, त्यामुळं दर वर्षी शाळेत निमंत्रण येतंच. अंबाजोगाईच्या चौकाचौकात बोर्ड लागतात. गदा खांद्यावर घेतलेला तोच जुना फोटो आणि खाली पदांची रांग: कारखान्याचा संचालक, अमक्या पतसंस्थेचा मार्गदर्शक, तमक्या संघाचा अध्यक्ष. बोर्ड दिसला की मी रस्ता बदलतो. लोक म्हणतात, तू त्याच्याच तालमीतला, जळतोस. जळत असतो तर बरं झालं असतं, त्याला काही इलाज तरी असतो. मला त्या माणसाची किळस येते.

आमची तालीम घाटनांदूरकडं जाणाऱ्या रस्त्याला, साखर कारखान्याच्या जागेत होती. वर पत्रे, खाली लाल माती. जागा कारखान्याच्या पहिल्या चेअरमननं तोंडी दिलेली, कागदबिगद कुणी मागितला नव्हता. वस्ताद त्याच कारखान्याचे सभासद. थोडा ऊस आणि एक म्हैस एवढा त्यांचा संसार. म्हशीचं दूध घरात कमी आणि आमच्या पोटात जास्त जायचं. माझ्या अंगाला ते लागलं नाही, मी तालुक्यातच पाठ टेकून मोकळा झालो. पैलवानाला लागलं. त्याचा हुकमी डाव पट. समोरच्याच्या पायाकडं असा काही झेपावायचा, की हा वाकला म्हणजे कुस्ती संपली हे बघणाऱ्यांनाही कळायचं.

कुस्तीला निघताना वस्तादांच्या पाया पडायची रीत सगळीकडंच असते. आमचे वस्ताद मात्र एका हातानं आशीर्वाद देत नसत. हातात असेल ते खाली ठेवायचं, नाहीतर शेजारच्याला द्यायचं, आणि दोन्ही तळवे पाठीवर असे हाणायचे की पाठ लाल व्हायची. "एका हातानं भीक देतेत बे," म्हणायचे. एकदा ते धार काढत असताना हाच पैलवान पाया पडायला गेला. वस्तादांनी भरली चरवी माझ्या हातात दिली आणि म्हशीनं तिला लाथ घातली. दूध सगळं मातीत. वस्तादांनी आधी त्याची पाठ थोपटली आणि मग म्हशीच्या सात पिढ्या काढल्या.

त्यानं राज्याची गदा आणली तेव्हा लांबलांबच्या गावांची माणसं मिरवणुकीला आली होती. मी जीपच्या टपावर बसून घसा बसेपर्यंत ओरडलो. कारखान्यानं त्याला क्रीडा अधिकारी केलं. मैदानावर तो कधी दिसला नाही, दिसायचा तो चेअरमनच्या पाठीमागं, हाताची घडी घालून. तेव्हा मी त्याला बोल लावला नाही. पैलवानकी उतरल्यावर माणसानं काय करावं, हे आमच्याकडं कुणालाच ठाऊक नसतं. गुडघे गेलेले असतात आणि भूक तशीच असते.

मग दुष्काळ पडला. कारखान्यानं चारा छावणी काढली आणि कडबा ठेवायला तालीम मागितली. वस्तादांनी स्वतः किल्ली नेऊन दिली. जनावरं मरत असताना कुस्ती कसली, असं आम्हालाही वाटलं. वर्षानुवर्षं ताक, तेल, हळद पाजून केलेल्या त्या मातीवर पेंढ्यांची थप्पी लागली. पुढं पाऊस झाला, छावणी उठली, कडबा गेला. कुलूप काही निघालं नाही. वस्ताद किल्ली मागायला गेले की पैलवान म्हणायचा, "बघतो वस्ताद, साहेबांच्या कानावर घालतो." तोवर तो संचालक झाला होता.

मग वार्षिक सभेची विषयपत्रिका आम्हा सभासदांच्या घरोघर आली. त्यात एक विषय होता: बंद पडलेल्या तालमीच्या जागेत पेट्रोल पंप उभारणे. बंद पडलेल्या! स्वतः कुलूप घालायचं आणि वर तालीम बंद पडली म्हणायचं. ते वाचून मला शिसारी आली.

सहकारातली सभा ज्यानं पाहिली नाही त्याला सांगतो. स्टेजवरून विषय वाचायचा, पुढच्या रांगांत बसवलेल्या माणसांनी "मंजूर, मंजूर" ओरडायचं, की विषय संपला. बाकीचे सभासद मठ्ठ्याची वाट बघत असतात. हरकत घ्यायची तर माइक हातात पाहिजे, आणि माइक कुणाला मिळू द्यायचा नसतो. त्या दिवशी माइक फिरवणारा कारखान्याचा माणूस आमच्याच तालमीतला निघाला. त्यानं तो गुपचूप वस्तादांच्या हातात दिला.

वस्ताद आयुष्यात पहिल्यांदा सभेत बोलायला उभे राहिले. "तालीम बंद न्हाई," ते म्हणाले. "कुलूप तुमचं हाय. तेवढं काढा, उद्या सकाळी पोरं मातीत उतरतेत." मागून कुणीतरी म्हणालं, "खरं हाय." मग आणखी दोघंचौघं बोलले. चेअरमननं मान वळवून पैलवानाकडं पाहिलं.

पैलवान स्टेजवरून उतरला. मला, गाढवाला, वाटलं की हा वस्तादांच्या शेजारी उभा राहणार. तो आला, शेकडो लोकांदेखत वाकला आणि त्यानं वस्तादांचे पाय धरले. टाळ्या पडल्या. वस्तादांचे डोळे भरले. त्यांनी माइक ठेवायला इकडंतिकडं पाहिलं. शेजारी पैलवानाबरोबर उतरलेला एक जण हात पुढं करून उभाच होता. वस्तादांनी माइक त्याच्या हातात दिला आणि दोन्ही तळवे पैलवानाच्या पाठीवर हाणले. आवाज मला चार रांगा मागं ऐकू आला.

"मंजूर?" स्टेजवरून विचारलं गेलं. "मंजूर, मंजूर!" वस्ताद वळले तेव्हा माइक स्टेजवर पोचला होता आणि पुढचा विषय सुरू झाला होता. मग मागच्या कुणीतरी त्यांना खाली बसा म्हटलं.

जेवणाच्या मांडवात मी पैलवानाला गाठलं. "कावून केलास बे हे?"

त्याच्या हातात मठ्ठ्याचा ग्लास होता. "म्या काय केलं? हात तरी लावला का त्यांला? दुसऱ्या कुणी माइक हिसकला असता तर बरं दिसलं असतं का? इज्जतीनं खाली बसवलं मी त्यांला." आणि मठ्ठा पिऊन, मिशी पुसून वर म्हणाला, "वस्तादांनी आशीर्वाद दिलाय. तू कोण इचारणार?"

त्याला ते खरंच वाटत होतं. शरमेची एक रेघ चेहऱ्यावर असती, तर मी त्याला आजवर माफ केलं असतं. मी न जेवताच तिथून निघालो. पेपरात दोघांचा फोटो आला, पाठीवर हात पडतानाचा. गावात अजून पुष्कळांना तो गुरुभक्तीचा प्रसंग वाटतो.

पंप आता झोकात चालतो. मी त्या पंपावर गाडीत पेट्रोल भरत नाही, घाटनांदूरहून भरून घेतो. बायको हसते, हसू दे.

नागपंचमीला आम्ही तालमीतले जुने गडी वस्तादांच्या घरी जातो. सभेनंतरच्या पंचमीला सगळ्यांत पुढं मी होतो. वाकलो आणि जुन्या सवयीनं पाठ ताठ करून थांबलो. काही पडलं नाही. वर पाहिलं तर वस्तादांनी दोन्ही हात मागं नेऊन एकमेकांत घट्ट धरले होते.

"ऊठ," ते म्हणाले. "चहा घे."

त्यांच्या हातात काहीही नव्हतं.