काकांकडे सोपवलेलं टपाल

नंदनवन वस्तीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली टपालाचे डबे आहेत. आहेत म्हणायचे, निम्म्यांना झाकण नाही, उरलेले कुणीही बोटानं उघडावेत. आधी माझं मासिक गायब व्हायला लागलं. मग कुणाची तरी राखी गेली. बँकेचं नवं कार्ड गेलं तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये मी वाट्टेल ते बोलले. "कॅमेरा लावा, नाहीतर ते डबे भंगारात घाला!" कॅमेऱ्याचा विषय निघाल्यावर सगळे नेहमीप्रमाणे छताकडे बघायला लागले.

तळमजल्यावरचे काका तेवढे उठले. रिटायर्ड, एकटेच राहणारे. "कायले भानगड करता? मी दिवसभर घरीच राहतो ना. पोस्टमनले सांगतो, सगळ्यायचं टपाल माह्याकडे देत जा म्हणून."

आणि खरंच, चोरी थांबली. संध्याकाळी काका ज्याचं त्याला घरी नेऊन द्यायचे, बदल्यात कपभर चहा.

सगळ्यात जास्त वाट बघायची तिसऱ्या मजल्यावरची माझी शेजारीण. नवरा नोकरीत असतानाच गेला. त्याच्या जागेवर तिला घेण्याचा अर्ज ऑफिसात पडून होता आणि बोलावणं पोस्टानं येणार होतं. कामावरून आली की ती आधी काकांचं दार वाजवायची.

"काका, माह्यं काही आलं का?"

"येईन ना वं पोरी, जाते कुठं!"

कापूस वेचायला आला म्हणून काका सावनेरकडे शेतावर गेले. जाताना दाराला भलंमोठं कुलूप लावून गेले. त्या दिवसांत ती जिन्याखालच्या डब्यात हात घालून बघायची. डबा रिकामा. आम्हाला वाटलं, काही आलंच नसेल. अहो, डब्यात येणार कसं? पोस्टमनच्या हाताला सवय लागलेली. तो सगळ्यांचं टपाल काकांच्या दाराखालून आत सरकवून जात होता. एवढी शहाणी आमची बिल्डिंग, पण एकाच्याही डोक्यात हे आलं नाही.

काका परतले, दार उघडलं तर आत पाकिटांचा ढीग. हातातली पिशवी तिथंच टाकून, आधी तिचं पाकीट घेऊन ते वर आले. मी तिच्याकडेच बसले होते. काय खुशीत होते बिचारे!

"घे वं पोरी, आलं तुह्यं! बघ, एकही कागद चोरीले गेला नाही."

तिनं वाचलं आणि माझ्या हातात दिलं. कागदपत्रं घेऊन हजर राहण्याची तारीख कालची होती. न आल्यास अर्ज रद्द समजावा, असं खाली लिहिलेलं. काकांना ती तारीख मीच वाचून दाखवली. ऐकून ते दारातच खाली बसले.

मी म्हटलं, उद्याच ऑफिसात जाऊ, मी भांडते, बघतेच कसं ऐकत नाहीत ते. तिनं मान डोलावली, काकांना पाणी दिलं. ते खाली गेल्यावर मात्र ती ढसाढसा रडली.

"ताई, चोरानं नेलं असतं, तर मनभरून शिव्या तरी देल्या असत्या वं. काकाले काय बोलू?"