घाटेकाकांची राहिलेली टेस्ट

"सर, काका पडलेत. उठता येत नाहीये त्यांना. मी अँब्युलन्सला फोन केलाय."

आमच्या गाइडचा, गौरीचा, फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. मी यार्डात पुढच्या ग्रुपच्या सायकलींच्या बॅटऱ्या तपासत होतो. 'कुठले काका?' असं मी विचारलं नाही. त्या दिवशीच्या टूरवर काका एकच होते आणि त्यांना सायकलवर मीच पाठवलं होतं.

व्हॅन काढून मी टेकडीवर पोचलो. घाटेकाका फुटपाथच्या कडेला आडवे होते. गौरीने त्यांच्या डोक्याखाली स्वतःचं जॅकेट ठेवलं होतं आणि बाकीच्या सहा जणांना झाडाखाली बसवलं होतं. काकांचा चेहरा पांढरा पडला होता, तरी मला बघून ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "संदीपराव, तुमची सायकल भलतीच तापट निघाली हो."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ते संध्याकाळी कळलं.

आमची कंपनी छोटी होती. सिडनीच्या बंदरालगत जी सगळ्यात जुनी वस्ती आहे, तिथल्या दगडी गल्ल्यांमधून आम्ही पर्यटकांना इलेक्ट्रिक सायकलवर फिरवायचो. चढ भरपूर, त्यामुळे साध्या सायकलवर लोक अर्ध्या वाटेत दमतात. ई-बाइकला पेडल मारावंच लागतं, पण पेडलवर जोर पडला की मोटर मदत करते. ती किती करायची ते हँडलवरच्या बटणाने ठरतं. लेव्हल एक म्हणजे हलकासा हात, लेव्हल पाच म्हणजे मागून कुणीतरी ढकलल्यासारखं. मी तिथला ऑपरेशन्स मॅनेजर होतो. म्हणजे रोस्टर लावणं, सायकली तयार ठेवणं, आणि काही बिघडलं तर कागद भरणं.

करोनाच्या आधीची ती वर्षं. युनिव्हर्सिट्या भारतातल्या मुलांनी भरल्या होत्या. मी स्वतः त्यांच्यातलाच, फक्त बराच आधी आलेला. ग्रॅज्युएशनच्या हंगामात या मुलांचे आईवडील यायचे आणि मुलं त्यांना हौसेने आमची टूर बुक करून द्यायची. गाइडही बहुतेक विद्यार्थीच. त्यात गौरी सगळ्यात चांगली. नाशिकची, जुन्या वास्तूंच्या जतनाचा मास्टर्स करणारी. एखाद्या भिंतीवर छिन्नीच्या खुणा दाखवून ती अशी काही सांगायची की लोक सायकलवरून उतरून भिंतीला हात लावायचे. एका म्युझियममध्ये तिला ट्रेनी म्हणून जागा मिळण्याच्या बेतात होती. त्यासाठी आमचा मालक डेव्ह तिला रेफरन्स देणार होता.

ती मला सर म्हणायची. डेव्हला त्याची गंमत वाटायची. "सँडी, राणीने तुला बोलावून पदवी दिली की काय, मेट? मला का नाही कळवलंस?"

आता त्या सकाळचं सांगतो.

टूरवर निघण्याआधी यार्डात प्रत्येकाची टेस्ट घ्यायची असा आमचा नियम होता. सायकलवर चढायचं, पिवळ्या शंकूंमधून वळत जायचं, ब्रेक लावून थांबायचं, पाय टेकायचा, लेव्हल एकवर आणायची. पाच मिनिटांचं काम. गाइडकडे यादी असते. टेस्ट झाली की नावासमोर टीक. ज्याच्या नावासमोर टीक नाही त्याला सायकल नाही. सगळं झालं की गाइड खाली सही करतो.

घाटेकाका उशिरा आले. वय सहासष्ट, पुण्याचे, पिंपरीतल्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलीचा, मुक्ताचा, पदवीदान समारंभ दोन दिवसांवर होता. काकू आणि मुक्ता गाऊन आणायला गेल्या होत्या. मराठी ऐकून मी शेडमधून बाहेर आलो. दहा मिनिटांत आमची गाववाल्यांसारखी ओळख झाली. मी कोथरूडचा, ते नारायण पेठेचे.

"चाळीस वर्षं सायकलने कंपनीत गेलो," काका म्हणाले. "जाऊन येऊन तीस किलोमीटर. पावसाळा असो नाहीतर काही. स्कूटर घेतली ती हिच्यासाठी, मी नाही बसलो कधी."

बाकीचा ग्रुप हेल्मेट घालून गेटपाशी उभा होता. गौरी हळूच माझ्याजवळ आली.

"सर, काकांची टेस्ट राहिलीय."

"अगं, पुण्याच्या माणसाची सायकलची टेस्ट घेतेस?"

काका मोठ्याने हसले. मीही हसलो. गौरी हसली नाही. "तसं नाही सर, ई-बाइक वेगळी असते ना. दोनच मिनिटं."

"राहू दे गं. काय लहान मुलासारखं त्यांना शंकूंमधून फिरवायचं? उशीर होतोय, निघा तुम्ही."

खरं म्हणजे उशीर फार झाला नव्हता. मला भीड पडली. वडिलांच्या वयाच्या माणसाला, त्यातून सायकलवर आयुष्य काढलेल्या माणसाला, 'जरा चालवून दाखवा' म्हणणं मला जमलं नाही. एखाद्या ऑस्ट्रेलियन म्हाताऱ्याला मी बेधडक सांगितलं असतं.

गौरीने काकांची सायकल धरली, सायकल स्टँडवर असतानाच काका बसले आणि ग्रुप गेटबाहेर पडला.

पुढचं मला गौरीने सांगितलं. टेकडीवर फोटोसाठी सगळे थांबले. चढावर सगळ्यांनी मोटर लेव्हल चारवर नेली होती, काकांची शेजारच्या एकाने नेऊन दिली होती. निघताना गौरीने ओरडून सांगितलं, "एव्हरीवन, लेव्हल वन!" ज्यांची टेस्ट झाली होती त्यांनी बटण दाबलं. काकांना ते बटण कुणी दाखवलंच नव्हतं. ते फोटो काढण्यात मागे राहिले होते, मग घाईने निघाले. आणि निघाले कसे, तर आपण सगळे लहानपणी शिकलो तसे. डावा पाय पेडलवर, उजव्या पायाने जमिनीला दोन रेटे आणि चालत्या सायकलवर टांग.

डाव्या पेडलवर पूर्ण वजन पडलं. मोटरला वाटलं, माणूस बसलाय, जायचंय. सायकल उसळली. काकांचा उजवा पाय तेव्हा हवेत होता.

मी स्वतः तसाच सायकलवर चढायला शिकलोय. आमच्याकडच्या पन्नाशीपुढच्या कुणाही माणसाला चढून दाखवायला सांगा, तो टांगच टाकणार. यार्डात, लेव्हल एकवर, पहिल्याच मिनिटाला हे दिसलं असतं. मी हसून सांगितलं असतं, "काका, हिला टांग चालत नाही, बसून पेडल मारा." टेस्ट ह्यासाठीच असते.

दुपारी मी इन्सिडेंट रिपोर्ट भरायला बसलो. अपघाताचा हा कागद विमा कंपनीकडे जातो आणि त्याला टेस्टची यादी जोडावी लागते. यादीत सात नावं होती, टिका सहा. घाटेकाकांसमोरचा चौकोन गौरीने रिकामा ठेवला होता आणि खाली सही केली होती. तिने कागदावर खोटं लिहिलं नव्हतं.

तेव्हा मी स्पॉन्सर्ड व्हिसावर होतो. माझ्या पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज डेव्हच्या कंपनीच्या नावाने जाणार होता आणि त्याची सही व्हायची होती. क्वेकर्स हिलला भाड्याच्या घरात आम्ही तिघं राहायचो. मुलगी नुकतीच शाळेत जायला लागली होती. नोकरी गेली असती तर सगळं गुंडाळून परत जावं लागलं असतं. निदान तेव्हा मला तसंच वाटलं.

मी पेन उचललं आणि त्या रिकाम्या चौकोनात टीक केली. कागद पूर्ण दिसावा एवढाच विचार होता, असं मी स्वतःला सांगितलं. पण खाली सही गौरीची होती. न घेतलेली टेस्ट घेतली असं त्या कागदावर आता तीच म्हणत होती.

दोन दिवसांनी डेव्ह म्हणाला, "चल, त्या गृहस्थांना भेटून येऊ. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. तू भाषांतर कर."

तो नेमका पदवीदानाचा दिवस होता. काका वॉर्डात एकटेच होते. "दोघींनाही हाकलून दिलं," ते म्हणाले. "एकीने तरी बघायला पाहिजे ना." त्यांनी फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला होता. समारंभ त्यावर लाइव्ह चालला होता. काळ्या गाऊनमधली मुलं एकेक करून स्टेजवर जात होती. आम्ही बोलत असतानाही काकांचा एक डोळा तिकडेच होता.

डेव्हने विचारलं, निघण्याआधी तुमची टेस्ट कुणी घेतली होती का?

मी मराठीत विचारलं. काकांनी सरळ सांगितलं, "नाही. पण त्या पोरीचा काही दोष नाही हो. ती दोनदा म्हणाली, टेस्ट राहिलीय. आपण दोघंच हसलो तिला. हे साहेबांना नीट सांगा. पोरीला बोलणी बसायला नकोत."

डेव्ह माझ्याकडे बघत होता.

"ही सेज नो," मी म्हणालो. "टेस्ट झाली नव्हती."

"एवढंच? बराच वेळ बोलत होते."

"मुलीच्या ग्रॅज्युएशनबद्दल."

डेव्हने मान हलवली. काकांना इंग्रजी कळायचं, पण असं झटपट बोललेलं नाही. त्यांनी मला विचारलं, "सांगितलंत ना सगळं?"

"हो काका, सांगितलं."

तेवढ्यात फोनमधून नाव पुकारलं गेलं. मुक्ता घाटे. काकांनी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. एका हाताला सलाइन होतं, त्यामुळे दुसऱ्या हाताने मांडीवर. डेव्हनेही वाजवल्या. मग मीही वाजवल्या.

त्याच दुपारी डेव्हने गौरीला केबिनमध्ये बोलावलं. आत जाण्याआधी ती माझ्या टेबलापाशी थांबली.

"सर, तुम्ही सांगणार ना, की तुम्ही निघा म्हणालात?"

"सांगतो. तू आधी शांतपणे ऐकून घे. मी योग्य वेळ बघून बोलतो त्याच्याशी."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. टीक माझी नाही एवढंच ती आत म्हणाली. कुणाची, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि माझं नाव तिने घेतलं नाही. ते मी घेईन अशी तिची समजूत होती. डेव्हसमोर एक कागद होता, त्यावर तिची सही होती आणि पेशंटने कागद खोटा ठरवला होता. त्याने तिला त्या दिवसापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. रेफरन्सचा तर प्रश्नच उरला नाही.

ती बाहेर आली आणि लॉकर रिकामा करायला लागली. मी बॅटऱ्यांचा हिशोब करत होतो. एकच यादी तीनदा तपासली. योग्य वेळ आली नाही.

म्युझियमची जागा तिला मिळाली नाही. कोर्स संपल्यावर ती नाशिकला परत गेली असं दुसऱ्या गाइडकडून कळलं.

मला पीआर मिळाली. आम्ही स्कोफिल्ड्सला घर घेतलं. वास्तुशांतीला डेव्ह आला होता, मांडी घालायला त्रास होत असूनही खाली बसून जेवला. त्याला वाढताना मला त्याच्याकडे बघवेना. पुढच्या आठवड्यात मी त्याच्या केबिनचं दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. टीक, हॉस्पिटल, सगळं.

तो मग म्हणाला, "हे त्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी तुला एक लेखी वॉर्निंग दिली असती. बस. तुझ्या अर्जावर सही तरीही केली असती. माझ्याकडे दुसरं कोण होतं?" मग थोड्या वेळाने, "आणि त्या मुलीला मी काय काय बोललो, तुला माहितीये?"

ती लेखी वॉर्निंग त्याने मला तेव्हा दिली. गौरीला माफीचं पत्र आणि रेफरन्स पाठवला. मी तिला फोन केला. ती आता एका कॉलेजात शिकवते. माझं सगळं बोलणं तिने ऐकून घेतलं.

"त्या दिवशी लॉकर रिकामा करायला मी मुद्दाम वेळ लावला होता सर," ती म्हणाली. "आत एक बाटली आणि रेनकोट, एवढंच होतं. वाटलं, तुम्ही आत्ता उठून जाल केबिनमध्ये."

मग तिनेच "ठेवते" म्हणून फोन ठेवला.

घाटेकाकांचा मेसेज दर दिवाळीला यायचा. ते आता काठी घेऊन चालतात. शुभेच्छांच्या खाली नेहमी एक ओळ असायची, 'त्या गुणी मुलीला आमचे आशीर्वाद सांगा.' मी दर वर्षी लिहायचो, 'हो काका.'

गेल्या वर्षी मात्र खरं काय ते लिहिलं. लांबलचक झालं. काकांचं उत्तर दोन दिवसांनी आलं. 'त्या मुलीचा नंबर पाठवा.' बाकी काही नाही. गौरीला विचारून मी पाठवला. या दिवाळीला त्यांचा मेसेज आला नाही.

नवे गाइड आले की यार्डात पहिल्या दिवशी मी दोन गोष्टी सांगतो. कुणीही असो, कितीही वर्षं सायकल चालवलेली असो, आधी चढून दाखवायचं. आणि ज्याची सही, त्याचीच टीक. दुसऱ्याने त्या कागदाला पेन लावायचं नाही. हे का, असं कुणी विचारलं तर आता मी ही गोष्ट सांगतो, आणि टीक करणारा कोण होता तेही सांगतो.